ज्येष्ठेचा नवरा कुठं असतो?

महाल वस्तीतल्या हरकऱ्यांच्या घरी दर भाद्रपदात महालक्ष्म्या यायच्या आणि दर भाद्रपदात धाकटी सून सत्यवती त्यांच्याशी भांडायची.

महालक्ष्म्यांना सजवायचं काम लग्नानंतर पहिल्याच वर्षी तिच्या गळ्यात पडलं होतं. माळ्यावरून लोखंडी तिवया उतरवायच्या, त्यांवर पत्र्याची धडं बसवायची, धडात गहू भरायचे, लुगडी नेसवायची आणि सगळ्यांत शेवटी पितळी मुखवटे. थोरली ज्येष्ठा, धाकटी कनिष्ठा, आणि पुढ्यात त्यांची दोन पोरं. मुखवटे चिंचेनं घासता घासता सत्यवतीचं तोंड सुरू व्हायचं.

"वर्षभर पेटीत तर असते तू. ऊन नाही, चूल नाही, मग इतकी काळी कशी पडते वं?"

लुगडं नेसवताना तर विचारूच नका. "पोट आत घे जराशी. अन् धाकटीकडे पाह्य, कशी मुकाट्यानं उभी आहे."

सासूबाईंनी पहिल्या वर्षी हे ऐकलं आणि दोन्ही कानांना हात लावले. दुसऱ्या वर्षी त्या पदराआड हसल्या. तिसऱ्या वर्षी त्या वारल्या आणि सत्यवतीला अडवणारं घरात कोणी उरलं नाही.

तिला देवींशी बोलायची सवय लागली त्याला कारण होतं. घरातले कर्ते म्हणजे तिचे भासरे, नवऱ्याचे थोरले भाऊ गोपाळराव. सदर बाजाराच्या पलीकडे सरकारी कचेरीत हेडक्लार्क. भासऱ्यांसमोर धाकट्या भावाच्या बायकोनं तोंड उघडायचं नाही, हा घरचा रिवाज. सत्यवती रिवाज पाळायची. त्यांच्याशी एक अक्षर बोलायची नाही, पाट्या-वरवंट्याशी बोलायची. "पाट्या, मीठ संपलं गा," असं ती स्वयंपाकघरातून मोठ्यानं म्हणायची आणि संध्याकाळी ओसरीवर मिठाची पुडी येऊन पडायची. गोपाळरावही काही कमी नव्हते. ते बायकोला, देवकीबाईंना, समोर बसवून भिंतीपलीकडे ऐकू जाईल अशा बेतानं बोलायचे. अशी भासरा-भावजयीची बातचीत वर्षानुवर्षं भांडीकुंडी आणि देवकीबाईंच्या मार्फत सुरळीत चालली होती.

राहता राहिला नवरा, मुकुंद. मुकुंदाचे वडील लवकर गेले, तेव्हा गोपाळरावांनीच त्याला वाढवला, शिकवला, नापास झाला तेव्हा छडीनं फोडला आणि शेवटी लग्न करून दिलं. माणूस मऊ. सकाळी दात घासायला बसला की कडुनिंबावरचे पोपट पाहत राहायचा, काडी तोंडातच वाळून जायची. गावात बैरागी उतरले की याचा मुक्काम तिकडे. सत्यवतीशी त्याचं कधी भांडण झालं नाही. भांडणाला समोरच्या माणसानं उत्तर द्यावं लागतं.

गोपाळरावांनी साहेबाच्या पाया पडून त्याला कचेरीत बिनपगारी उमेदवार म्हणून चिकटवायचं ठरवलं. सोमवारी हजर व्हायचं होतं. शनिवारी मुकुंद त्रिपुरी पौर्णिमेच्या जत्रेला म्हणून रामटेकला गेला, आणि त्याच्यापुरता तो सोमवार काही उजाडला नाही.

गोपाळरावांनी सराया धुंडाळल्या, विहिरी पाहिल्या, शुक्रवारी नावाच्या तलावात माणसं उतरवली. काही हाती लागलं नाही. पहिलं वर्ष सत्यवती रडली, म्हणजे कामातून सवड मिळेल तशी रडली. दुसऱ्या वर्षी लोकांना कीव करायचा कंटाळा आला. तिसऱ्या वर्षी कार्तिकात ती देवकीबाईंबरोबर रामटेकच्या जत्रेला गेली. देवकीबाई गड चढून रामाच्या दर्शनाला गेल्या. सत्यवतीला भूक लागली होती, ती खाली अंबाळा तलावापाशी दशम्या सोडून बसली.

पलीकडे झाडाखाली बैराग्यांची टोळी होती. करपल्याचा वास आला म्हणून तिनं मान वळवली. एक दाढीवाला गोवऱ्यांवर कणकेचं जाड टिक्कड टाकून वर झाडाकडे पाहत बसला होता. झाडावर पोपट होते.

"अजी, करपून राहिलं ते," ती म्हणाली.

"हो हो," म्हणत त्यानं सवयीनं हात घातला, चटका बसला, आणि मग त्यानं तिच्याकडे पाहिलं.

दाढीआड मुकुंद होता. तिनं विचारलं, "दीक्षा घेतली?"

"नाही. त्याच्यासाठी पहाटे उठा लागते. मी फक्त टिक्कड शेकतो."

"घरी येता?"

मुकुंदानं जमिनीकडे पाहिलं. "कचेरीत जा लागन?"

"लागन. तुमचे दादा साहेबाले अजून सांगून राहिले, भाऊ आजारी आहे म्हणून."

"मग नको."

सत्यवतीला असा राग आला की तेच टिक्कड त्याच्या डोक्यात घालावं. पण भूक होती, म्हणून तिनं ते मीठ लावून खाल्लं. कडेनं करपलेलं, मधे कच्चं. संसारातही हा माणूस असाच होता, तिच्या मनात आलं. खाता खाता राग उतरला आणि त्याच्या जागी दुसरंच काहीतरी आलं, हलकं हलकं. गेली दोन-तीन वर्षं कोणाचं धोतर धुवावं लागलं नव्हतं, कोणाच्या उष्ट्या ताटात जेवावं लागलं नव्हतं. कपाळाचं कुंकू जागच्या जागी होतं. घरात काम होतं, पण ते नवरा असतानाही होतंच.

"बरं," ती हात झटकत म्हणाली, "जिवंत राहा. दरवर्षी या दिवशी इथंसा दिसजा. नाही दिसले तर मी दादांच्या हातून पोलीस पाठवीन."

मुकुंदानं लगेच मान डोलावली. आयुष्यात एवढी सोपी अट त्याला कोणी घातली नव्हती. तेव्हापासून ती दर कार्तिकात लाडू बांधून रामटेकला जायची, नवरा पाहून यायची आणि कोणाला काही सांगायची नाही. लोक म्हणायचे, बिचारी रामाला साकडं घालायला जाते.

महालक्ष्म्यांच्या दिवशी सवाष्णींच्या पंगतीत तिचं पान पहिलं असायचं. देवीचा नैवेद्य सवाष्णीच्या तोंडूनच देवीला पोचतो, असं मानतात. नवरा हयात असलेली बाई तृप्त झाली की देवी तृप्त. मग सत्यवतीइतकी सोयीची सवाष्ण दुसरी नव्हती. बाकीच्या बायका दिवसभराच्या उपासानं सुकून दोन पोळ्यांत हात आखडायच्या. सत्यवती सोळा भाज्यांची मिसळ, ज्वारीची आंबील, कढी, भजी, तुपात बुडवलेली पुरणाची पोळी असं करत पानाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जायची आणि पुन्हा पहिल्या टोकाशी यायची. पूजेला येणारे मधुसूदनशास्त्री स्वतः खाण्यातले दर्दी. ते म्हणायचे, "या घरची देवी उपाशी जात नाही."

मुकुंद गेल्याला अशी बारा वर्षं झाली. दिल्लीला दरबार भरायचा होता ते साल. गोपाळरावांच्या मुलीचं, उत्तरेचं लग्न ठरत होतं. अमरावतीच्या पाहुण्यांनी सरळ विचारलं, "घरात ती बाई आहे, तिचा नवरा आहे की नाही?" कचेरीत तीस माणसांना जाब विचारणाऱ्या गोपाळरावांनी पाहुण्यांपुढे पानसुपारीचं तबक सरकवलं. त्यातच शेजारच्या यमुताईंनी हळदीकुंकवात सत्यवतीपुढे करंडा धरला आणि मधेच हात मागे घेतला. "नाही म्हणजे, बारा वर्षं झाली ना आता," त्या म्हणाल्या.

गोपाळरावांनी मधुसूदनशास्त्र्यांना बोलावलं. शास्त्रीबुवांनी शास्त्र सांगितलं. माणूस बारा वर्षं बेपत्ता असला की पालाशविधी करावा. पळसाच्या पानांचा पुतळा, त्याला नारळाचं डोकं, त्याचं यथासांग दहन, मग सुतक, मग बाकीचं. बाकीचं म्हणजे सत्यवतीचं कुंकू, बांगड्या आणि केस. महालक्ष्म्या उठल्या की पितृपक्षात विधी उरकायचा ठरला. न्हाव्याला सांगून ठेवलं.

गोपाळरावांनी हे सगळं ओसरीवर देवकीबाईंना समोर बसवून मोठ्यानं सांगितलं. भिंतीपलीकडे सत्यवती डाळ वाटत होती. वरवंटा थांबला.

"पाट्या," ती म्हणाली, "बारा वर्षं नाही दिसलं तर माणूस मरते का गा?"

मग गोपाळराव देवकीबाईंना म्हणाले, "तिला काही ठाऊक असेल तर तिनं बोलावं. मला का हौस आहे? माझा भाऊ आहे तो."

सत्यवती बोलली नाही. बोलली असती तर दुसऱ्या दिवशी गोपाळराव रामटेकला, तिसऱ्या दिवशी मुकुंद कचेरीत, आणि त्यानंतर रोज तो माणूस ओसरीवर पोपट पाहत बसलेला. नाही बोलावं तर डोक्यावर वस्तरा. श्रावणभर ती हे दोन्ही ताजव्यात घालून पाहत होती आणि पारडं काही हलत नव्हतं. शेवटी सोमवारच्या नेमाचं निमित्त काढून ती आगगाडीनं रामटेकला गेली. कार्तिक नव्हता म्हणून मुकुंद झाडाखाली नव्हता. गावात पीठ मागायला गेला होता. तो झोळी घेऊन आला आणि तिला पाहून दचकलाच.

"तुम्हाले जाळून राहिले," ती म्हणाली. "पळसाच्या पानांचे करून."

"मग जाळू दे ना. मले कुठं चटका बसते?"

"तुम्हाले नाही बसत. वस्तरा माझ्या डोक्यावर फिरते."

मुकुंदानं तिच्या केसांकडे पाहिलं. लग्न झाल्यापासून बहुधा पहिल्यांदाच नीट पाहिलं. पुढं काही पिकले होते. तो खूप वेळ पाहत राहिला.

"दादा मले सोडन का?"

"नाही सोडणार. पण महालक्ष्म्यांच्या जेवणाले या. पुढचं मी पाहून घेते. फक्त या."

"पाहतो," मुकुंद म्हणाला. त्याच्या 'पाहतो'वर विसंबून कोणी चूलही पेटवली नसती, हे तिला ठाऊक होतं. ती परत आली.

महालक्ष्म्या आल्या. पहिल्या दिवशी आवाहन. दारापासून देवघरापर्यंत कुंकवाची पावलं काढतात, दोन सवाष्णी मुखवटे हातात घेऊन त्या पावलांवरून चालतात. कोण आलं, काय घेऊन आलं, असं आतून विचारायचं, महालक्ष्मी आली, धान्य घेऊन आली, लेकरं घेऊन आली, असं बाहेरून सांगायचं, आणि देवीला सगळं घर फिरवून दाखवायचं. ज्येष्ठेला आणायचा मान दरसाल सत्यवतीचा. त्या वर्षी देवकीबाई स्वयंपाकघरात आल्या आणि पदराशी चाळा करत म्हणाल्या, "यंदा तू नको घेऊ म्हणून राहिले ते. अन् उद्या पंगतीत पण..." आणि त्या चटकन बाहेर गेल्या.

ज्येष्ठेला यमुताईंनी आणलं. हातात दुधानं काठोकाठ भरलेला गंज असावा तसा त्यांनी मुखवटा पोटाशी धरला होता. घर दाखवत दाखवत त्या स्वयंपाकघराच्या दारात आल्या. सत्यवती चुलीपुढे बसून पुरण घोटत होती. तिनं यमुताईंकडे पाहिलंच नाही, ज्येष्ठेकडे पाहिलं.

"आली का वं बाई? ये. हे तुझं स्वयंपाकघर. अन् हे मी. मले आता मेलेल्या माणसाची बायको करून राहिले, मग तुझं लुगडं पुढच्या वर्षी कोण नेसवते ते पाह्यजो."

यमुताई जवळजवळ पळत देवघरात गेल्या.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला पूजा झाली. फुलोऱ्याच्या करंज्या, पापड्या, वेण्या देवींच्या डोक्यावर टांगलेल्या, पुरणाचे दिवे लावलेले, बायका-माणसं भुकेनं कासावीस. अशा वेळी मधुसूदनशास्त्र्यांना कथा लांबवायची भारी हौस. त्या वर्षी त्यांनी पुराणातली ज्येष्ठेची गोष्ट काढली. समुद्रातून आधी निघाली ज्येष्ठा, मग लक्ष्मी. थोरलीचं लग्न झाल्याशिवाय मी कशी करू, असं लक्ष्मी विष्णूला म्हणाली. म्हणून ज्येष्ठेला एका ऋषीच्या पदरी बांधली. तिला आश्रमातला धूर सोसेना, वेदांचा घोष सोसेना. मग ऋषी तिला म्हणाला, तू या पिंपळाखाली बस, मी दुसरी जागा पाहून येतो. आणि तो गेला.

"मग? आला का परत?" उत्तरेनं विचारलं.

"नाही आला," शास्त्रीबुवा रंगात येऊन म्हणाले. "ज्येष्ठा रडत बसली. तिचं रडणं वैकुंठात लक्ष्मीनं ऐकलं..."

सत्यवती स्वयंपाकघराच्या दारात आली होती. हातात पुरणाचा डाव तसाच. रिवाज मोडायचा नव्हता, म्हणून ती कोणाशीच बोलली नाही, ज्येष्ठेशी बोलली.

"ऐकलं का वं ज्येष्ठा? मी या घरात आली तेव्हापासून पाहून राहिली, पोरं घेऊन तू एकटीच येते. मले वाटे, नवऱ्याले कचेरीतून सुटी नसंल. तर तो पिंपळाखाली बसवून पळूनच गेला! अन् तू अजून कपाळभर कुंकू लावून जेवायले येते? तुझ्या नवऱ्याचा पळसाचा पुतळा या शास्त्रीबुवांनी अजून काहून नाही जाळला? बारा वर्षं तर तुलेही झाली असतील."

कोणाचा तरी हुंदका की हसू, असं काहीतरी फुटलं. देवकीबाई मोठ्यानं खोकल्या.

"देवांची गोष्ट निराळी," शास्त्रीबुवा म्हणाले, पण त्यांचा सूर गेला होता.

"निराळी कशी?" सत्यवती ज्येष्ठेला म्हणाली. "पळाला तो पळालाच. तुझा पळाला तर तुले सोळा भाज्या, अन् माझा पळाला तर मले वस्तरा. तुझ्या बहिणीनं तुले हाताले धरून घरात आणलं. मले कोण आणते?"

गोपाळरावांचा चेहरा लाल झाला होता. "उत्तरे," ते म्हणाले, "काकूला आत जायला सांग."

सत्यवती आत गेली. डाव तिनं पातेल्यात आपटला. बोलून मन मोकळं झालं होतं, पण बदललं काहीच नव्हतं. बाहेर पानं मांडायचा आवाज येत होता. सवाष्णींच्या पंगतीत एक पान कमी मांडलेलं तिला आवाजावरूनही कळलं असतं. मुकुंद येणार नव्हता. झाडाखालून उठून तो ठरल्या वेळी कुठं आलाय, असं कधी झालंच नव्हतं.

तेवढ्यात अंगणातून आवाज आला. "माय, पुरणाचा वास पार गल्लीच्या तोंडाशी येऊन राहिला."

गोपाळराव वैतागून उठले. पंगत बसायच्या वेळी बैरागी दारात! ते कंदील घेऊन अंगणात गेले. जटा, दाढी, खांद्याला झोळी. त्यांनी हाकलायला हात उगारला आणि समोरच्या बैराग्यानं चटकन दोन्ही हात पाठीमागे लपवले. छडी उचलली की लहानपणी मुकुंद असेच हात लपवायचा.

गोपाळरावांनी कंदील खाली ठेवला. ते तिथंच पायरीवर बसले आणि लहान मुलासारखे हमसून हमसून रडायला लागले. रडणं थोडं आवरलं तशी त्यांनी शिव्यांना सुरुवात केली. "गाढवा! साहेबाला मी काय तोंड दाखवलं असेल? आजारी, आजारी, किती वर्षं सांगायचं?"

"पहिला साहेब अजून आहे?" मुकुंदानं भीतभीत विचारलं.

आत यमुताईंनी ज्येष्ठेपुढे साष्टांग नमस्कार घातला. देवीच पावली, असं त्या रडत रडत सगळ्यांना सांगत सुटल्या. मधुसूदनशास्त्र्यांच्या पोटात कावळे कोकलत होते. त्यांनी क्षणात शास्त्र फिरवलं. "अहो, साक्षात सौभाग्यवती आहे! पाहता काय? पान वाढा."

चुलीपाशी टेकून सत्यवती थोडी रडली, कोणाला दिसणार नाही असं. मग तोंड धुतलं, बाहेर आली आणि पहिल्या पाटावर जाऊन बसली. नवऱ्याकडे पाहायचं देवकीबाईंनी दोनदा खुणेनं सुचवलं. "पाहते ना," ती म्हणाली, "आधी जेवू द्या." पुरुषांच्या पंगतीत मुकुंदाच्या पानावर पोळीवर पोळी पडत होती आणि तो टांगलेल्या फुलोऱ्याकडे पाहत जेवत होता.

तिसऱ्या दिवशी सकाळीच न्हावी आला. त्याला ज्या डोक्यासाठी सांगून ठेवलं होतं ते सोडून त्यानं मुकुंदाची दाढी उतरवली. गोपाळरावांनी आपला लग्नातला कोट काढून त्याच्या अंगावर घालून पाहिला. सोमवारी साहेबाला भेटायचं ठरवूनही टाकलं. कोट घातलेला मुकुंद परसात येऊन उभा राहिला. तिथं सत्यवती भांडी घासत होती. दाढीखालचा भाग पांढराफटक, वरचा उन्हानं रापलेला. तिला हसू आलं आणि लगेच विरलं. दाढीखाली तोच चेहरा होता, तिला पाहायला आलेल्या पोराचा.

"मी राहू का?" तो म्हणाला. "तू म्हणशील तर राहतो. कचेरीत पण जातो."

तो खरं बोलत होता. ती राखेचा हात तसाच ठेवून विचार करत बसली. राहा म्हणाली असती तर तो राहिला असता, मुकाट्यानं, वाळत. आणि ती त्याला रोज वाळताना पाहत राहिली असती.

"नको," ती म्हणाली. "तुम्हाले पाहून मले राग येते, अन् नाही पाहिलं तर काळजी वाटते. वर्षातून एकदा पुरे आहे."

आत महालक्ष्म्यांना दहीपोह्यांचा नैवेद्य दाखवला जात होता, अक्षता टाकून पुन्हा या, पुन्हा या म्हणत सगळे देवी हलवत होते. सत्यवतीनं फुलोऱ्यातल्या करंज्या आणि दहीपोहे बांधून दिले आणि परसदाराची कडी काढली. मुकुंदानं कोट काढून दोरीवर नीट वाळत घातला आणि गेला.

थोड्या वेळानं गोपाळराव परसात आले. कोट पाहिला, उघडं दार पाहिलं. उत्तरा जवळ नव्हती, देवकीबाई नव्हत्या. ते घासलेल्या भांड्यांकडे पाहून काही बोलणार होते, पण मग त्यांनी सरळ सत्यवतीकडेच पाहिलं.

"तुम्ही घालवलं त्याला?"

लग्नाला इतकी वर्षं झाली, त्यात भासऱ्यांनी तिला विचारलेला हा पहिला प्रश्न. सत्यवतीनं पदर सारखा केला आणि उभी राहिली.

"हो. त्यांले तुमची भीती वाटते. तुम्ही वाईट नाही, पण वाटते. मी दरसाल रामटेकले भेटते त्यांले. मेले असते तर मीच सांगितलं असतं."

आता हे ओरडतील, असं तिला वाटलं. गोपाळरावांनी दोरीवरचा कोट काढला, त्याच्या बाहीवरची न दिसणारी धूळ झटकली.

"जेवतो का नीट?"

"टिक्कड करपवतात. पण खातात."

त्या कार्तिकात ती निघाली तेव्हा गोपाळरावांनी लाडवांच्या डब्यावर एक जाड कांबळं आणून ठेवलं. पुढं दरवर्षी काही ना काही ठेवायचे. अमरावतीच्या पाहुण्यांना त्यांनी छातीठोक सांगितलं, की भाऊ तीर्थयात्रेत असतो आणि महालक्ष्म्यांना येऊन गेला, सगळ्या महालानं पाहिला. उत्तरेचं लग्न झालं.

यमुताईंनी ती गोष्ट अशी काही पसरवली की सत्यवतीला दम टाकायला फुरसत राहिली नाही. बारा वर्षं बेपत्ता असलेला नवरा जिच्या सौभाग्यानं ओढून आणला ती सवाष्ण आपल्या पंगतीत हवी, असं इतवारीपासून धंतोलीपर्यंत सगळ्यांना वाटायला लागलं. मंगळागौर असो, डोहाळजेवण असो, नवरात्र असो, पहिलं बोलावणं सत्यवतीकाकूंना. त्या आनंदानं जायच्या आणि यजमानीणबाईंना आंबिलीत ताक कमी पडलं हेही सांगून यायच्या. नवऱ्याची चौकशी कोणी केलीच तर म्हणायच्या, "आहेत ना. अन् दूर आहेत. याहून मोठं सौभाग्य कोणाले पाहिजे?"

गोपाळराव पुढं वारले. जाताना त्यांनी सत्यवतीला जवळ बोलावून मुकुंदाकडे लक्ष ठेवायला सांगितलं, तेही सरळ, मधे कोणी न ठेवता. त्यानंतर काही वर्षांनी एका कार्तिकात ती रामटेकला गेली तर झाडाखाली दुसराच कोणी टिक्कड शेकत होता. मुकुंद पावसाळ्यात तापानं गेला होता. दोन दिवस बरळत होता, बैरागी म्हणाले, कोणा दादाला सांगत होता की सोमवारी येतो. सत्यवती तलावाच्या पायऱ्यांवर बसली. लाडू तिनं बैराग्यांना वाटले. मग गाडीची वेळ होईपर्यंत ती झाडाकडे पाहत राहिली. पोपट आलेच नाहीत.

घरी आल्यावर तिनं फक्त देवकीबाईंना सांगितलं. देवकीबाई तेव्हा केशवपन झालेल्या, आलवण नेसून कोपऱ्यात वाती वळत होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, डोळे पुसले, आणि सत्यवतीनं कुंकू पुसायला कपाळाकडे हात नेला तसा तो घट्ट धरला.

"काय म्हणाली? मले काही ऐकू नाही आलं," देवकीबाई म्हणाल्या. "कान गेले माझे."

"वहिनी, पाप लागन."

"लागू दे. मी भोगते अर्धं. या घरात एकीनं तरी पोटभर जेवलं पाहिजे."

सत्यवती गेली ती दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या आदल्या वर्षी, चैत्रात, झोपेतच. सगळा महाल लोटला. सवाष्ण गेली म्हणून हिरवं लुगडं नेसवलं, मळवट भरला, ओटी भरली. म्हाताऱ्या यमुताईंना दोघींनी धरून आणलं. त्यांनी पायांवरचं कुंकू उचलून आपल्या नातसुनांना लावलं आणि म्हणाल्या, "असं मरण यावं! नवऱ्याच्या आधी, भरल्या कपाळानं." मधुसूदनशास्त्र्यांच्या मुलानं अविधवेचे मंत्र म्हटले आणि यांचं श्राद्ध अविधवा नवमीला करायचं, अशी घरच्यांना आठवण दिली.

देवकीबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. पदरात तोंड घातलेलं, खांदे गदगदा हलत होते. जावेवर किती जीव होता पाहा, असं बायका एकमेकींना म्हणत होत्या. उत्तरा जवळ जाऊन बसली, आईचा पदर बाजूला केला आणि पाहिलं, तर देवकीबाईंच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि हसू त्यांना काही केल्या आवरत नव्हतं.